रोझ बाउलचा सामना पहिल्यांदा पाहताना

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात कोणाकडून तरी आमंत्रण येते, "एक तारखेला घरी या, सगळे मिळून रोझ बाउल पाहू." रोझ बाउल म्हणजे विद्यापीठांच्या संघांमधला, नववर्षाला होणारा अमेरिकन फुटबॉलचा सामना. आग्रहाखातर तो जातो. साडेतीन तास सोफ्यावर बसून त्याला एवढेच दिसते, की बावीस धिप्पाड खेळाडू एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, सगळे उठतात आणि पुन्हा तेच सुरू होते. खेळ अवघड आहे म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. क्रिकेटने आपल्या नजरेला चेंडूचा पाठलाग करण्याची सवय लावली आहे आणि या खेळात चेंडू पुष्कळदा मुद्दाम लपवलेला असतो. म्हणून सर्वांत महत्त्वाची सूचना सुरुवातीलाच करतो. चेंडू नजरेतून सुटला तरी चालेल, पण पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा सोडू नका. तो आकडा कसा वाचायचा आणि त्याच्या आधाराने संपूर्ण सामना कसा पाहायचा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: बाउल म्हणजे काय, ते समजून घ्या

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचा नेहमीचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो आणि त्यात प्रत्येक संघ साधारणपणे बारा सामने खेळतो. त्यांपैकी निदान सहा सामने जिंकणारा संघ हंगामोत्तर सामन्याच्या निमंत्रणास पात्र ठरतो आणि अशा सामन्याला बाउल म्हणतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत देशभर असे चाळीसच्या आसपास सामने होतात. बहुतेक बाउल सामन्यांत साखळी नसते आणि पुढची फेरीही नसते. दोन संघ एकदाच भेटतात आणि त्या दिवशीच्या निकालावर दोघांचाही हंगाम संपतो.

या सर्व सामन्यांत रोझ बाउल सर्वांत जुना. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गावात १८९० पासून नववर्षाला गुलाबांची मिरवणूक निघत असे. त्या सोहळ्याला जोड म्हणून १ जानेवारी १९०२ रोजी मिशिगन आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांचा सामना ठेवण्यात आला. मिशिगनने तो ४९–० असा जिंकला आणि स्टॅनफर्डने काही मिनिटे शिल्लक असतानाच मैदान सोडले. सामना इतका एकतर्फी झाला, की आयोजकांनी पुढची अनेक वर्षे फुटबॉल बाजूला ठेवून रथांच्या शर्यतींसारखे कार्यक्रम केले. फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये आणि त्यानंतर तो कायमचा राहिला.

'बाउल' हा शब्द मात्र खेळातून आलेला नाही. अरोयो सेको नावाच्या कोरड्या ओढ्याच्या खोलगट पात्रात १९२२ मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले. येल विद्यापीठाच्या 'येल बाउल' या मैदानाच्या धर्तीवर त्याचा आकार वाडग्यासारखा ठेवला गेला आणि म्हणून त्याला रोझ बाउल हे नाव मिळाले. पुढे सामन्यालाही तेच नाव चिकटले. इतर शहरांनी नववर्षाचे सामने सुरू केले, तेव्हा त्यांनीही तो शब्द उचलला आणि मैदान वाडग्यासारखे नसले तरी सामना 'बाउल' म्हणवू लागला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे ज्याला रोझ बाउल म्हणतात, ज्यावर २०२१ मध्ये भारत आणि न्यूझीलंड यांच्यात कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला, ते क्रिकेटचे मैदान वेगळे. पॅसाडेनाच्या या स्टेडियमवर १९९४ च्या, आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या विश्वचषकात ब्राझीलने इटलीला हरवले होते, हे मात्र आपल्याकडच्या अनेकांना आठवत असेल.

दुसरी पायरी: चार डाउन आणि दहा यार्ड

या पायरीवर घाई करू नका. बाकी सगळे यावर उभे आहे.

मैदान शंभर यार्ड लांब असते आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन असतो. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू उतरतात. ज्याच्याकडे चेंडू आहे तो चढाईचा संघ आणि समोरचा बचावाचा संघ. हे शब्द मी कबड्डीतून घेतले आहेत, कारण इथेही चढाई करणाऱ्याने जमेल तितके आत घुसायचे असते आणि बचावाने त्याला धरून पाडायचे असते. चढाईच्या संघाला चार प्रयत्न मिळतात. एका प्रयत्नाला डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये मिळून दहा यार्ड पुढे सरकले, की नवे चार डाउन मिळतात. नाही सरकले, तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. चार चेंडूंत दहा धावा काढल्या तरच फलंदाजी चालू राहील, असा नियम असता तर फलंदाज कसे खेळले असते, याची कल्पना केली की या खेळातली अस्वस्थता कळू लागते.

पडद्यावरच्या आकड्यात आधी डाउनचा क्रमांक असतो आणि पुढे राहिलेले यार्ड. सुरुवातीला तो 'पहिला आणि दहा' असा असतो. खेळाडू चेंडू घेऊन तीन यार्ड पळाला, की 'दुसरा आणि सात' होतो. मग पास फेकला आणि तो कोणी झेलला नाही, तर 'तिसरा आणि सात'. तिसरा डाउन लागला, की गप्पा थांबवा. राहिलेले अंतर एक-दोन यार्डांचे असेल तर चढाईचा संघ बहुधा मधल्या गर्दीतून घुसतो. सात-आठ यार्डांचे असेल तर पास फेकण्यावाचून फारसा पर्याय नसतो आणि बचावालाही ते ठाऊक असते. कोण कोणाला चकवते, ते याच क्षणी दिसते.

चौथ्या डाउनवर संघापुढे तीन वाटा असतात. चेंडू लाथेने दूर भिरकावून समोरच्याला त्याच्याच टोकाकडे ढकलणे, म्हणजे पंट. गोलपोस्टच्या खांबांमधून चेंडू मारून तीन गुण घेणे, म्हणजे फील्ड गोल. किंवा जोखीम पत्करून उरलेले अंतर कापण्याचा प्रयत्न करणे. गोलपोस्ट एंड झोनच्या मागच्या रेषेवर असतो आणि चेंडू काही यार्ड मागे धरून मारावा लागतो, म्हणून चेंडू जिथे असेल त्या अंतरात साधारण सतरा यार्ड मिळवले, की किक किती लांबची ते कळते. तीस यार्डांच्या रेषेवरचा फील्ड गोल म्हणजे सत्तेचाळीस यार्डांची किक.

दूरचित्रवाणीवर दहा यार्डांची मर्यादा पिवळ्या रेषेने दाखवतात. स्टेडियममध्ये गेलात तर ती रेषा दिसणार नाही. तिथे मैदानाच्या कडेला दोन नारिंगी दांडे घेऊन माणसे उभी असतात आणि त्या दांड्यांमध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी असते; तिसऱ्या दांड्यावर डाउनचा क्रमांक लिहिलेला असतो. अंतर फारच निसटते असेल, तर पंच ती साखळी मैदानात मागवतात. दांडा जमिनीवर टेकतो, साखळी ताणली जाते आणि चेंडूचे टोक दांड्याच्या पुढे आहे की मागे, हे पंच वाकून पाहतात. नव्वद हजार माणसे त्या वेळी चार बोटांचे अंतर पाहत असतात. हे दृश्य पाहण्याची संधी मिळाली, तर खाद्यपदार्थ आणायला उठू नका.

तिसरी पायरी: गुण आणि घड्याळ

चेंडू घेऊन एंड झोनमध्ये पोहोचणे किंवा तिथे पास झेलणे म्हणजे टचडाउन. त्याचे सहा गुण. त्यानंतर किक मारून एक जादा गुण मिळवता येतो, किंवा तीन यार्डांवरून पुन्हा एंड झोनमध्ये शिरून दोन. फील्ड गोलचे तीन. चढाईच्या खेळाडूला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडले तर बचावाला दोन गुण. हे क्वचित घडते.

सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा असतो, परंतु घड्याळ सारखे थांबत असल्यामुळे प्रत्यक्षात साडेतीन तास लागतात. न झेललेला पास पडला, की घड्याळ थांबते. मैदानाच्या आत धावपटू पडला, तर ते चालू राहते. म्हणून आघाडीवर असलेला संघ शेवटी धावण्याचा खेळ करतो आणि पिछाडीवरचा संघ पास फेकत सुटतो. एवढे लक्षात ठेवले, तर शेवटच्या दहा मिनिटांतले बहुतेक निर्णय तुम्हाला आधीच ओळखता येतील.

चौथी पायरी: एका जुन्या सामन्यावर सराव करा

माझ्या मते नवख्याने प्रत्यक्ष सामन्याआधी ४ जानेवारी २००६ चा रोझ बाउल, निदान त्याची शेवटची सात मिनिटे, ध्वनिचित्रफितीवर पाहावीत. टेक्सस विद्यापीठ आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील हा सामना त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदाचाही होता, म्हणून तो १ तारखेला झाला नाही. सदर्न कॅलिफोर्नियाने त्याआधी सलग ३४ सामने जिंकले होते. त्यांच्याकडे मॅट लायनर्ट आणि रेजी बुश असे दोन खेळाडू होते, ज्यांना अनुक्रमे २००४ आणि २००५ चा हाइझमन, म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार, मिळाला होता. टेक्ससची सारी मदार क्वार्टरबॅक व्हिन्स यंग याच्यावर होती. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डाउनला चेंडू हाती घेऊन पुढे काय करायचे ते ठरवणारा खेळाडू.

दुसऱ्या भागात दोन प्रसंग आहेत, ते थांबवून पाहा. पहिल्यात बुश वेगाने पळत जातो आणि पकडले जाण्याआधी चेंडू मागे, आपल्या सहकाऱ्याकडे टाकतो. सहकाऱ्याला तो झेलता येत नाही आणि टेक्सस चेंडू बळकावते. पुढे फेकलेला पास जमिनीवर पडला तर तो डाउन संपतो, परंतु मागे टाकलेला चेंडू जमिनीवर पडला तरी खेळ चालूच राहतो, हा नियम त्या एका चुकीत कायमचा लक्षात राहतो. दुसऱ्या प्रसंगात यंग चेंडू सहकाऱ्याकडे टाकतो आणि टचडाउन होतो. संथ गतीने पाहिले तर चेंडू हातातून सुटण्याआधी यंगचा गुडघा जमिनीला टेकलेला दिसतो. विद्यापीठांच्या खेळात कोणी स्पर्श केला नसला, तरी गुडघा टेकला की डाउन संपतो. पंचांना ते दिसले नाही, फेरतपासणी झाली नाही आणि सहा गुण कायम राहिले. त्यानंतरची जादा गुणाची किक मात्र टेक्ससची हुकली.

आता शेवटची सात मिनिटे. सदर्न कॅलिफोर्निया ३८–२६ असे पुढे आहे. बारा गुणांचे अंतर, म्हणजे टेक्ससला दोन टचडाउन हवेत. यंग स्वतः सतरा यार्ड धावून पहिला टचडाउन करतो आणि ३८–३३ होते. चेंडू सदर्न कॅलिफोर्नियाकडे आहे आणि घड्याळात जेमतेम सव्वादोन मिनिटे उरलेली असताना पडद्यावर आकडा येतो, 'चौथा आणि दोन'. चेंडू टेक्ससच्या बाजूला, पंचेचाळीस यार्डांच्या आसपास. पंट केला तर यंगला लांबून सुरुवात करावी लागेल. दोन यार्ड मिळाले तर सामना जवळजवळ संपेल. प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी जोखीम घेतली. चेंडू लेंडेल व्हाइटला दिला गेला. त्याने त्या सामन्यात तीन टचडाउन केले होते आणि दोन यार्डांसाठी त्याच्यावर भरवसा ठेवणे चुकीचे नव्हते. बुश त्या वेळी मैदानाबाहेर उभा होता. टेक्ससच्या बचावफळीने व्हाइटला रेषेच्या अलीकडेच अडवले. त्या निर्णयावर आजही वाद होतो. मला तो निर्णय योग्य वाटतो, मात्र बुशला बाहेर ठेवणे समजत नाही, कारण तो नुसता उभा असता तरी बचावाचे दोघे-तिघे त्याच्याकडे खेचले गेले असते.

मग टेक्सस अठ्ठेचाळीस यार्ड कापत गेले आणि पुन्हा चौथा डाउन आला, 'चौथा आणि पाच', आठ यार्डांच्या रेषेवर. पाच गुणांनी मागे असल्यामुळे फील्ड गोलचा उपयोग नव्हता. यंगने पास फेकण्यासाठी इकडेतिकडे पाहिले, कोणी मोकळे दिसले नाही, आणि तो उजवीकडच्या कोपऱ्याच्या दिशेने धावला. कोणीही हात न लावता तो एंड झोनमध्ये पोहोचला, तेव्हा घड्याळात १९ सेकंद होते. ३९–३८. आता चित्रफीत थांबवा आणि स्वतःला विचारा, जादा गुणासाठी किक मारावी की दोन गुणांचा प्रयत्न करावा? एक गुण मिळाला तर आघाडी दोनची होते आणि समोरच्याचा एक फील्ड गोल सामना फिरवतो. दोन मिळाले तर तीनची होते आणि तोच फील्ड गोल फक्त बरोबरी साधतो. टेक्ससने दोनाचा प्रयत्न केला, यंगच पुन्हा आत शिरला आणि निकाल ४१–३८ असा लागला. त्या दिवशी यंग २०० यार्ड धावला आणि त्याने २६७ यार्डांचे पास दिले.

जुनी चित्रफीत पाहताना एक फरक ध्यानात ठेवा. तेव्हा प्रत्येक नवा पहिला डाउन मिळाला, की घड्याळ क्षणभर थांबत असे; २०२३ पासून ही सवलत दोन्ही अर्धांच्या शेवटच्या दोन मिनिटांपुरतीच उरली आहे.

पाचवी पायरी: सामन्याआधी दोन्ही संघांची चौकशी करा

दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक दशके रोझ बाउलमध्ये मध्य-पश्चिमेकडील बिग टेन गटाचा विजेता आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील गटाचा विजेता समोरासमोर येत. ती परंपरा आता उरलेली नाही. २०२४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया, यूसीएलए (लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ), ओरेगन आणि वॉशिंग्टन ही किनाऱ्यावरची विद्यापीठेच बिग टेनमध्ये गेली. शिवाय राष्ट्रीय विजेतेपदासाठी २०१४ च्या हंगामापासून चार संघांची आणि २०२४ पासून बारा संघांची बाद फेरी सुरू झाली असून रोझ बाउल त्या व्यवस्थेचा भाग आहे. १ जानेवारी २०२५ रोजी ओहायो स्टेटने ओरेगनला ४१–२१ असे हरवले, तो उपांत्यपूर्व सामना होता. जुन्या चाहत्यांना हा बदल मनापासून खुपतो आणि त्यांचे दुःख मला पटते, कारण दोन प्रदेशांची वर्षानुवर्षांची ओळख त्या एका दिवसात बांधलेली होती. नवख्याने मात्र आपला सामना बाद फेरीतला आहे की एकटा आहे, हे आधी पाहावे. एकट्या बाउलमध्ये व्यावसायिक संघांत जाणारे नामवंत खेळाडू दुखापत टाळण्यासाठी अनेकदा खेळत नाहीत. बाद फेरीत असे सहसा होत नाही. दोन्ही क्वार्टरबॅकची नावे, दोन्ही संघांचे रंग आणि प्रत्येक संघ धावण्यावर भर देतो की पासवर, एवढी माहिती पुरेशी आहे.

सहावी पायरी: प्रत्यक्ष जायचे असेल तर

१ जानेवारी रविवारी आली, तर मिरवणूक आणि सामना दोन्ही २ तारखेला होतात. रविवारी चर्चबाहेर बांधलेले घोडे मिरवणुकीने बिथरू नयेत, म्हणून १८९३ मध्ये हा पायंडा पडला आणि तो आजही पाळला जातो. २०२३ मध्ये असेच झाले होते. विमानाचे तिकीट काढण्याआधी वार तपासा.

मिरवणूक सकाळी आठला निघते, मुख्यतः कोलोरॅडो बूलेव्हार्डवरून जाते आणि तिचा मार्ग साडेपाच मैलांचा असतो. दुरून चित्ररथ फक्त रंगीत दिसतात, म्हणून मिरवणुकीनंतर ते लोकांना पाहण्यासाठी उभे करतात, तिथे अवश्य जा. चित्ररथाचा दिसणारा प्रत्येक भाग फुलांनी, पानांनी, बियांनी किंवा सालीने मढवलेला असावा, असा नियम आहे. जवळ गेल्यावर लक्षात येते, की प्राण्याच्या अंगावरचा काळा पट्टा कांद्याच्या बियांचा आहे, भिंतीचा तांबूस रंग मसुरीचा आहे, पांढरा भाग तांदळाचा आहे आणि प्रत्येक गुलाबाचा देठ पाण्याच्या बोटभर नळीत खोचलेला आहे. धान्याची रांगोळी घालणाऱ्या घरातून आलेल्या कोणालाही त्या कामामागच्या रात्री मोजता येतील.

सामना दुपारी असतो, परंतु सुरू होण्याची नेमकी वेळ त्या वर्षीच्या तिकिटावर पाहावी. दुपारी दोनची सुरुवात म्हणजे भारतात २ तारखेचे पहाटेचे साडेतीन, हे पुण्या-मुंबईहून पाहणाऱ्या आईवडिलांना आधी कळवा. गाडीपेक्षा मेट्रो सोयीची. मेमोरियल पार्क स्थानकावर उतरून पुढे स्टेडियमपर्यंत बसची व्यवस्था असते. पारदर्शक पिशवीच आत नेता येते, म्हणून पाठीवरची पिशवी घरी ठेवा. दुपारी ऊन असते आणि संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो. स्वेटर घेतल्याशिवाय निघू नका. मध्यंतरात बसून राहा. विद्यापीठांच्या वाद्यपथकांचे संचलन हा बाउलचा अर्धा जीव आहे आणि दूरचित्रवाणीवर ते क्वचितच पूर्ण दाखवतात. उत्तरार्धात एकदा मैदानावरून नजर उचलून उत्तरेकडे पाहा. सॅन गॅब्रिएल पर्वताच्या रांगा त्या वेळी आधी गुलाबी आणि मग जांभळ्या होत जातात.

सातवी पायरी: बरोबरी झाली तर

बरोबरी झाल्यास जादा वेळेत घड्याळ नसते. प्रत्येक संघाला समोरच्याच्या पंचवीस यार्डांच्या रेषेवरून एकेक चढाई मिळते. दुसऱ्या फेरीपासून टचडाउननंतर दोन गुणांचाच प्रयत्न करावा लागतो आणि तिसऱ्या फेरीपासून दोन्ही संघ आळीपाळीने केवळ असे दोन गुणांचे प्रयत्न करतात. १ जानेवारी २०२४ रोजी मिशिगनने अलाबामाला याच मैदानावर जादा वेळेत २७–२० असे हरवले. अलाबामाचा शेवटचा प्रयत्न चौथ्या डाउनवर, तीन यार्डांवरून होता आणि त्यांच्या क्वार्टरबॅकला मिशिगनच्या फळीने मधोमध गाडून टाकले. तोवर तुम्हाला आकडा वाचता येत असेल, तर अशा क्षणी शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर तुम्हीही उभे राहाल.

निकालानंतर लगेच बाहेर पडू नका. वाडग्याच्या आकारामुळे बाहेर जाण्याच्या बोळांत मोठी गर्दी होते. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील, तर अर्धा तास जागेवरच बसा. जिंकलेल्या संघाचा करंडक सोहळा त्या वेळेत होतो आणि तो पाहण्यासारखा असतो. गाडी आणलीच असेल, तर ती बहुधा शेजारच्या गोल्फच्या मैदानावर, गवतावर, उभी असेल. तिथे अंधारात सगळ्या रांगा सारख्याच दिसतात, म्हणून दुपारी गाडीतून उतरतानाच जवळच्या खांबाचे किंवा झाडाचे छायाचित्र काढून ठेवा.